शाल नको, काम सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरला आमच्या भागात ज्येष्ठ नागरिक दिनाचा कार्यक्रम झाला, मलाही बोलावलं होतं. मी ६८ वर्षांची, शाळेतून रिटायर्ड. दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला, आम्ही पंधरा-वीस जण स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं बसलेलो, खाली भाषणं सुरू, ज्येष्ठ म्हणजे वटवृक्ष, ज्येष्ठ म्हणजे अनुभवाची शिदोरी वगैरे. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात प्रत्येकाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, फोटो, झालं. आमच्यातल्या एकालाही कोणी माइक दिला नाही. ३२ वर्षं वर्गात बोलली आहे हो मी, दोन मिनिटं तर बोलूच शकली असती ना!

घरीही हेच चालतं, फक्त शाल नसते. 'आई, तू आराम कर' हे वाक्य प्रेमानंच येतं, सून माझी गुणाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाहीच. पण भाजी आणायला गेली तर आराम कर, लाइटचं बिल भरायला मोबाइल हातात घेतला की नातू म्हणतो दे इकडे आजी, मी करतो, आणि दहा सेकंदात करूनही टाकतो. मग मी शिकणार कधी? एकेक काम असं हातातून सुटत जातं आणि मग तेच लोक म्हणतात की आई आजकाल गप्प गप्प असते, काहून असते काय माहीत.

आणि बाप्पा, सगळा दोष तरुणांचाच आहे असं काही नाही. मी यंदा हार्मोनियमचा क्लास लावला तर सगळ्यात आधी नाक मुरडलं ते माझ्याच मोठ्या बहिणीनं, या वयात शोभतं का म्हणे. हीच बाई ७६ वर्षांची आहे आणि एसटीत ७५ वरच्यांना २०२२ पासून तिकीट नाही म्हणून माझ्यासोबत रामटेकला दोनदा जाऊन आली, गडावर चढली, तेव्हा वय आठवलं नाही. (माझं अर्धं तिकीट लागतं. ६५ वरची म्हणूनही अर्धं आणि बाई म्हणूनही अर्धं, मग दोन्ही मिळून फुकट काहून नाही, असं मी कंडक्टरला विचारलं, तो नुसता हसला.)

खरं तर हे पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे. आमचा बगिच्यात संध्याकाळचा ग्रुप आहे, त्यातले एक काका, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, दिवाळीपासून यायचे बंद झाले. आम्ही आपसात बोललो की पोरानं मोठी गाडी घेतली, आता काका कशाला आपल्यात बसतील. शेवटी आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो तर टीव्हीचा आवाज गेटपर्यंत येऊन राहिला होता. काकूंनी चहा टाकला आणि काका हळूच म्हणाले, तुम्ही सगळे हसता तेव्हा मीही हसतो, पण कशावर ते कळत नाही, मग किती दिवस हसायचं? मला इतकं कसंतरी झालं ना. माणूस चार महिने कानामुळे घरी बसला आणि आम्ही त्याला आखडू ठरवून मोकळे!

चष्मा लागला तर कोणी लाजत नाही, पण कानाचं मशीन लावलं की लोक म्हणणार बुढा झाला. २०२४ मध्ये लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि लोकांपासून तुटणंही आहे. आमच्या काकांच्या बाबतीत एकातून दुसरं निघालं, हे समजायला डॉक्टर व्हायची गरज नाही. आता त्यांनी मशीन घेतलं आहे, ग्रुपमध्ये परत आले आहेत आणि आल्या आल्या पहिली तक्रार काय केली तर तुम्ही बायका फार जोरात बोलता.

तर कार्यक्रम करणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं आहे की शालीच्या पैशातून एखाद्या रविवारी कान तपासणी ठेवा, नावं लिहायला आम्ही बसतो. सोसायटीच्या मीटिंगा रात्री साडेनऊला ठेवता त्या संध्याकाळी सहाला घ्या, हिशोब तपासायला आमच्यात बँकेतले दोन जण रिकामे बसून आहेत. बगिच्यातल्या संडासाला कुलूप असतं, त्याची किल्ली आमच्याकडे द्या, उघडझाक आम्ही करतो, कारण त्या कुलपामुळेच अर्ध्या बायका सातच्या आत घरी पळतात.

माझ्याकडे आतापर्यंत चार शाली जमल्या आहेत. एक इस्त्रीच्या टेबलावर अंथरली आहे, बाकीच्या तीन कोणाला हव्या असतील तर सांगावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
प्रताप नगर, नागपूर