तुळशीपत्र ठेवायचे तर स्वतःच्या घरावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की समाजमाध्यमांवरून घरगुती फराळ, उटणे, पणत्या आणि आकाशकंदील विकणाऱ्या लहान विक्रेत्यांची लगबग सुरू होते, आणि अलीकडे त्यांतील बऱ्याच जाहिरातींच्या तळाशी ‘नफ्यातील काही भाग समाजकार्यासाठी’ अशी ओळ वाचायला मिळते. मी स्वतः नोकरी सांभाळून थालीपिठाची आणि चकलीची भाजणी ऑनलाइन विकते. चार वर्षांपूर्वी हीच ओळ मीही मोठ्या हौसेने पिशव्यांवर छापून घेतली होती. त्यामुळे या पत्रात इतरांवरील टीकेपेक्षा स्वतःच्या चुकीची कबुलीच अधिक आहे.

माझ्या पिशवीवर ‘नफ्याच्या १० टक्के रक्कम मुलींच्या वसतिगृहाला’ असे लिहिले होते. मार्चअखेर वही घेऊन बसले, तेव्हा धान्य, गॅस, दळणावळ, पिशव्या आणि कुरिअर यांचा खर्च नीट मांडलेला निघाला. मात्र चुकीच्या पिनकोडमुळे परत आलेली पार्सले, कुरिअरवाल्याने वजनात धरलेले जादा ग्रॅम, वाटेत फुटलेल्या पिशव्यांच्या बदल्यात पुन्हा पाठवलेला माल आणि दिवाळीत दिलेली सूट यांची कोठेच नोंद नव्हती. त्याहून अवघड प्रश्न स्वतःच्या श्रमांचा होता. प्रत्येक धान्य मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे आणि ‘गव्हावर नको, तांदळावर दळून द्या’ म्हणून गिरणीत ताटकळत उभे राहायचे, या वेळेची मजुरी धरली तर नफा शून्य होत होता आणि नाही धरली तर तो चांगला घसघशीत दिसत होता. म्हणजे ज्या आकड्याच्या दहा टक्क्यांचे वचन मी दिले होते, तो आकडा माझ्याच हातात होता, आणि मला वाटेल तिकडे सरकवता येत होता. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी, जे माझे अगदी पहिल्या महिन्यापासूनचे ग्राहक आहेत, सहज विचारले, ‘‘ताई, वसतिगृहाची पावती बघायला मिळेल का?’’ दानच झालेले नव्हते, तर पावती कोठून येणार? पगारातून दोन हजार रुपये भरून मी ती पावती मिळवली आणि त्यांना पाठवली. ती नंतर भरलेली आहे हे तारखेवरून त्यांच्या लक्षात आले असणारच. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे सौजन्य.

आमच्या सातारा जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर जुनेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांसाठी ज्या मुष्टिफंडाची आठवण आजही काढली जाते, त्यात बाई स्वयंपाकासाठी धान्य घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवत असे. महिन्याअखेर डब्यात काय उरले ते पाहून दान करण्याची ती रीत नव्हती; मूठ आधी निघे आणि घरचा स्वयंपाक उरलेल्या धान्यात भागवला जाई. स्वदेशी उद्योगांसाठी लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचेही तसेच होते. एकेक पैसा ही रक्कम क्षुल्लक असली तरी ठरलेली होती, देणाऱ्याला आपण काय दिले हे ठाऊक होते, आणि त्या पैशातून १९०८ साली तळेगावला उभा राहिलेला काच कारखाना लोकांना डोळ्यांनी पाहता येत होता.

तेव्हापासून मी टक्क्यांची भाषा सोडली. आता अर्धा किलोच्या प्रत्येक पिशवीमागे पाच रुपये, असे साधे गणित आहे, आणि किंमत ठरवण्याच्या कागदावर ते पाच रुपये पिशवी व लेबल यांच्या खर्चाच्या खालच्याच ओळीत लिहिलेले आहेत. पार्सल घराबाहेर पडले की रक्कम देणे लागू होते, मग त्या व्यवहारात मला फायदा होवो अथवा तोटा. दर तीन महिन्यांनी ती बँकेतून वसतिगृहाच्या खात्यात जाते आणि ग्राहकांना विकलेल्या पिशव्यांची संख्या व पावतीचे छायाचित्र पाठवले जाते. गेल्या वर्षी डाळींचे भाव चढल्यावर पाच रुपये जड जाऊ लागले, तेव्हा मी ते तीन केले आणि तसे ग्राहकांना कळवले. कोणीही तक्रार केली नाही. एकीने मात्र ‘‘बरं झालं सांगितलंत’’ एवढेच लिहिले.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे : हे पैसे कोणाचे? आपल्याकडे बिलात धर्मादाय लावण्याची चाल व्यापाऱ्यांमध्ये फार जुनी आहे. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला होता की, ग्राहकाकडून धर्मादाय म्हणून बिलात वेगळी घेतलेली रक्कम ही घेतली त्या क्षणापासूनच दानासाठी बांधलेली असते, म्हणून ती व्यापाऱ्याचे उत्पन्न ठरत नाही. याची दुसरी बाजू ध्यानात घेतली पाहिजे : ती व्यापाऱ्याचे उत्पन्न नाही, तर मग ते त्याचे दानही नाही. मी किमतीवर पाच रुपये वेगळे चढवून ग्राहकाकडून घेतले, तर मी केवळ हमाल. दात्याचा मान ग्राहकाचा. ते पैसे माझ्या नावाने भरून, त्यावर फुलांचा गुच्छ स्वीकारतानाचे छायाचित्र टाकणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यासारखे आहे. आणि भाजायला मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी वाढवण्याचे टाळून वसतिगृहाला देणगी देणे हे तर त्याहून वाईट. या वर्षी मी आधी त्यांची मजुरी वाढवली आणि मगच पाच रुपयांचा दर पुन्हा लावला.

करसवलतीबद्दल बराच गैरसमज आढळतो, म्हणून थोडक्यात लिहिते. एकट्याच्या मालकीच्या जोडधंद्यातून दिलेली देणगी हा धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. ८०जी या नावाने ओळखली जाणारी सवलत व्यक्तीला मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. संस्थेला तशी मान्यता हवी, रोख देणगी दोन हजार रुपयांहून अधिक असता कामा नये, आणि भाजणीच्या पिशव्या किंवा कपडे अशा वस्तुरूप दानाला ती लागू नाही. आपल्यापैकी बहुतेकजण आता नव्या करप्रणालीत आहेत, त्यामुळे हिशेब कर वाचवण्यासाठी नसून शब्द पाळण्यासाठी ठेवायचा आहे, हे आधीच ओळखलेले बरे.

गल्लीतल्या नोंदणी नसलेल्या गणेशोत्सव मंडळालाही वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. ऑनलाइन विक्रेत्याने मात्र ‘समाजकार्यासाठी’ एवढा एक शब्द लिहिला की त्याचा माल दोन पैसे अधिक दराने खपतो आणि विचारणारे कोणीच नसते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे खरी, पण दोनशे रुपयांच्या भाजणीसाठी कोणी तक्रार घेऊन जाणार नाही, आणि घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या बायकांवर आणखी एका अर्जाचा बोजा पडावा असेही मला वाटत नाही. माझी विनंती आपल्या दैनिकालाच आहे. गृहउद्योगांच्या यशोगाथा आपण आवर्जून छापता, आणि अशा मजकुरात सामाजिक बांधिलकीचा परिच्छेद हमखास असतो. तो छापण्यापूर्वी आपल्या वार्ताहराने रक्कम किती, कोणत्या संस्थेला आणि शेवटची पावती कोणत्या तारखेची, एवढे तीन प्रश्न विचारावेत. ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांना ते सांगायला आनंदच होईल.

माझ्या जुन्या छापील पिशव्यांपैकी तीनेकशे अजून माळ्यावर पडून आहेत. टाकून देणे जिवावर येते, म्हणून रोज रात्री जेवणे आटोपल्यावर त्या ‘१० टक्के’ वाल्या ओळीवर नवी पट्टी चिकटवण्याचे काम सध्या चालू आहे.

आपली विश्वासू,
एक गृहउद्योजिका, सातारा