पिवळ्या लिंबाची खबर, काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

"उपाय लागू पडो वा ना पडो, पुढे काय झालं ते कळव," असं तुम्ही बजावलं होतंत. म्हणून कळवते. ड्रममधल्या पिवळ्या पडलेल्या लिंबाच्या झाडाला नवी पालवी हिरवीगार आली आहे. आणि तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवरचं हे झाड पिवळं पडू लागलं तेव्हा मी बागेची आवड असलेल्या बऱ्याच जणांना विचारलं. काहींनी नुसतं ऐकून घेतलं. काहींनी लगेच औषध सांगितलं: ताक ओता, एप्सम सॉल्ट घाला, एकोणीस-एकोणीस खत द्या. तुम्ही मात्र आधी मलाच विचारलंत, "शेंड्याची पानं पिवळी की खालची? शिरा हिरव्या आहेत का? माती कुठली? पाणी नळाचं की बोअरचं?"

शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, काळी माती आणि बोअरचं क्षारांचं जड पाणी. एवढं ऐकून तुम्ही लोहाची कमतरता सांगितलीत आणि कारणही नीट समजावलंत. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह असं हलत नाही, त्यामुळे शेंडा पिवळा पडतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण सामू (पीएच) जास्त असल्यामुळे ते मुळांना मिळत नाही. साधं फेरस सल्फेटही तिथे लवकर अडकून बसतं, म्हणून तुम्ही चिलेटेड लोह (म्हणजे मातीत सहज अडकून न बसणारं लोह), भरपूर कंपोस्ट आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्यायला सांगितलंत. "पिवळी झालेली पानं सुधारतीलच असं नाही, नव्या पालवीकडे बघ," हे तुमचं वाक्य नसतं, तर मी आठवडाभरात धीर सोडला असता.

दिंडोरीकडे द्राक्षबाग सांभाळलेल्या माणसाला देठ परीक्षणाशिवाय (पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय) खत द्यायला आवडत नाही, हे मला आता कळतं. पण तुमची खरी आठवण राहील ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. थंडीत निफाडचा पारा घसरला आणि एका नव्या मुलीने आपल्या बागप्रेमी मंडळींत "माझी तुळस का वाळतेय?" म्हणून विचारलं, तेव्हा दोघं-तिघं हसले. हे कितीदा सांगायचं, असंही कुणीतरी म्हणालं. तुम्ही म्हणालात, "तिची पहिल्यांदाच वाळतेय." मग तिला रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवायला आणि पाणी कमी करायला सांगितलंत. ती मुलगी आता मोकळेपणाने प्रश्न विचारते. त्या दिवशी तुम्ही नसतात, तर ती पुन्हा आलीच नसती, असं मला वाटतं.

आणि माझ्या अंजिराची फळं का गळतात, या प्रश्नावर तुम्ही सरळ म्हणालात, "अंजिरातलं मला कळत नाही, पुरंदरकडच्या बागायतदाराला विचार." उगाच काहीतरी सांगून मला वाटेला लावलं नाहीत, याचे आभार मी लिंबाइतकेच मानते.

शेजारच्या वहिनींचा मोगरा अजून फुलत नाही. त्यांना कुणी उत्तर दिलेलं नाही. ऊन किती तास मिळतं, छाटणी कधी केली, खत कोणतं घातलं, हे सगळं लिहून घ्यायला मी त्यांना सांगितलं आहे. रविवारी आम्ही दोघी तुमच्याकडे येतो.

आपली,
लिंबाच्या ड्रमवाली