रॉकचा जॅम म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नव्हे

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

आपल्या मराठी पेपरांत रॉकबद्दल जेव्हा केव्हा छापून येतं तेव्हा केस, कपडे, व्यसनं आणि कोण कितव्या वर्षी गेलं एवढंच असतं, आणि स्टेजवरच्या त्या वीस-वीस मिनिटांच्या जॅमबद्दल, म्हणजे सगळ्यांनी मिळून ऐनवेळी फुलवत नेलेल्या वाजवण्याबद्दल, तर सरळ लिहून टाकतात की नशा चढली की ही मंडळी सुचेल ते वाजवत सुटायची. हे मला मनापासून खटकतं म्हणून हे पत्र. ऐनवेळी सुचतं ते आधी कानात आणि बोटांत मुरलेलंच सुचतं. ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, गाणाऱ्याने बढत सुरू केली की थोड्याच वेळात कळतं तालीम कुठली आहे ते. रॉकमध्येही अगदी हेच होतं, फक्त तिथे एकाच बँडमध्ये पाच-सहा वेगळ्या तालमी एकत्र आलेल्या असतात आणि खरी गंमत त्यांच्या घासाघाशीत आहे.

ऑलमन ब्रदर्स बँड घ्या. १९६९ साली अमेरिकेच्या दक्षिणेकडे, फ्लोरिडातल्या जॅक्सनविलमध्ये बँड जमला, नंतर मुक्काम जॉर्जियातल्या मेकनला. ड्युएन ऑलमन ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गाण्यात वाढलेला, तारांवरून नळी घसरवत वाजवायच्या स्लाइड गिटारचा बादशहा. दुसरा गिटारवाला डिकी बेट्स, त्याच्या घरात कंट्री, ब्लूग्रास आणि वेस्टर्न स्विंग असं अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, लहानपणी युकुलेली, मग मँडोलिन, बँजो असं करत करत गिटारवर आलेला. दोन ड्रमर, त्यातला जेमो हा सोल गायक ओटिस रेडिंगच्या मागे वाजवलेला पण मनाने पक्का जॅझवाला, आणि त्यानेच ड्युएनला जॅझमधल्या माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन या दिग्गजांच्या रेकॉर्डी ऐकवल्या. माइल्सची ‘काइंड ऑफ ब्लू’ तर ड्युएनने अक्षरशः घोटली. त्या रेकॉर्डमध्ये कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची, धावपळ फार नाही, एकाच स्वरांच्या घरात निवांत थांबायचं आणि त्यातूनच नवं नवं काढत राहायचं.

आता मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात मैफलीत रेकॉर्ड झालेलं त्यांचं ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ऐका, तेरा मिनिटांचं आहे. सुरुवातीला दोन गिटारी जोडीने एकच सुरावट वेगवेगळ्या सुरांवरून वाजवतात, ती बेट्सच्या घरच्या वेस्टर्न स्विंगमधल्या जोडीच्या फिडलची आठवण करून देणारी आहे, ब्लूजमध्ये अशी जोडगिटार सहसा सापडत नाही. सोलो सुरू झाला की खालच्या कॉर्ड मोजक्या होतात, वर ड्युएन घाई न करता हळूहळू चढत जातो, ते सगळं माइल्स-कोल्ट्रेनचं देणं, आणि मागे जेमो ठेका नुसता धरून न ठेवता गिटारशी बोलत राहतो. कुणी काय वाजवायचं हे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण कुणाचा हात कुठे जाणार हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं होतं.

त्याच मैफलींच्या रेकॉर्डवरच्या ‘व्हिपिंग पोस्ट’ची सुरुवात अकरा मात्रांची आहे. ड्युएनचा भाऊ, बँडचा गायक ग्रेग ऑलमन याने ती रचली तेव्हा त्याला अकरा आहेत हे ठाऊकच नव्हतं, त्याच्या डोक्यात तीन-तीन-तीन आणि परत उडी घ्यायला दोन एवढाच हिशोब होता, ड्युएनने सांगितलं तेव्हा कळलं, हे त्यानेच सांगून ठेवलंय. तेवीस मिनिटं चालतं ते गाणं, आणि मला तरी त्यातलं एक मिनिटही जास्तीचं वाटत नाही. ड्युएन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटरसायकल अपघातात गेला, चोविसाव्या वर्षी.

‘क्रीम’ या तिघांच्या ब्रिटिश बँडचंही तेच. बेस वाजवणारा जॅक ब्रूस स्कॉटलंडच्या संगीत अकादमीत चेलो शिकलेला, ड्रमर जिंजर बेकर लंडनच्या जॅझ क्लबांतला, गिटारवाला एरिक क्लॅप्टन पूर्ण ब्लूजचा. १९६८ चं सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहातलं त्यांचं ‘क्रॉसरोड्स’ जेमतेम चार मिनिटांचं आहे पण बेस ऐका, तो क्लॅप्टनच्या पाठीशी उभा नाही, समोरासमोर स्वतःची वेगळी सुरावट लढवतोय, निव्वळ साथ करणाऱ्याला हे सुचलं नसतं.

उलट मुळं सगळ्यांची एकच असली की काय होतं तेही आपण ऐकलेलं आहे. चौघांनाही ब्लूजमधली तीच पाच सुरांची स्केल येते, मग जॅम नुसता लांबतो, कुणी कुणाला धक्काच देत नाही. मला स्वतःला असे तासभराचे जॅम अजिबात सहन होत नाहीत, आणि लांबी म्हणजे प्रतिभा असं मानणाऱ्या रॉकप्रेमींशीही माझं पटत नाही.

शेवटी ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडबद्दल, कारण तिथे आपला धागा आहे आणि त्याबद्दल फारच कमी लिहिलं जातं. जेरी गार्सिया आधी बँजोवाला, म्हणून गिटारवरही त्याचा एकेक सूर सुटा आणि टपोरा. फिल लेश ट्रम्पेट आणि आधुनिक कंपोझिशन शिकून आलेला, १९६५ ला बेस हातात घेतला तोच नव्याने. आणि ड्रमर मिकी हार्ट १९६७ मध्ये तबल्याचे उस्ताद अल्लारखांना भेटला, त्यांच्याकडे शिकला, आणि त्यानंतर या बँडच्या वाजवण्यात दहा-अकरा मात्रांची आवर्तनं दिसायला लागली, ‘द इलेव्हन’ हे तर नावातच अकरा असलेलं गाणं. पुढे १९७६ ला हार्ट आणि अल्लारखांचे चिरंजीव, आपल्या माहीमचे झाकीर हुसेन यांनी डिगा रिदम बँडची रेकॉर्ड काढली, त्यातल्या एका तुकड्यावरूनच डेडचं ‘फायर ऑन द माउंटन’ तयार झालं, जे ते पुढे वर्षानुवर्षं स्टेजवर खुलवत राहिले. झाकीरभाईंवर लिहिताना त्यांच्या ‘शक्ती’ या बँडबद्दल भरभरून येतं, ते यायलाच हवं, पण डिगाचं नाव कुठे दिसत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत रॉकवर लेख घ्याल तेव्हा वाजवणारा कुणाकडून काय शिकला, काय ऐकत मोठा झाला, यालाही थोडी जागा द्या, आणि डिगावर एखाद्या तबलजीकडूनच लिहून घेता आलं तर फारच उत्तम.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली