पावसात बघितलेले पिक्चर

प्रिय दत्या,

विचारलंस ना पावसात करतोस काय, तर पिक्चर बघतोय. बोटी वर ओढलेल्या, मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद, त्यामुळे आमचा बर्फाचा धंदा नावाप्रमाणे थंड. त्यात लाईट असली की नेट नाही नि नेट असलं की लाईट नाही, म्हणून एकेक पिक्चर तुकड्यातुकड्याने संपवावा लागतो. पण ह्या महिन्यात मुद्दाम कोकणातलेच लावले, नवेजुने मिळतील तसे. म्हटलं बघूया तरी आपण ह्या लोकांना दिसतो कसे.

सुरुवात 'दशावतार'पासून केली. सप्टेंबर 2025 ला आला तेव्हा सगळा गाव बघून आला, मी एकटा राहिलो होतो. प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री झालेत, म्हातारा दशावतारी, नजर जात चाललीय, मुलगा म्हणतो बाबा आता पुरे, आणि ह्याच्याने रंगभूमी सुटत नाही. अरे ऐंशीच्या आसपासचा माणूस, आणि अंगात वारं शिरल्यासारखा नाचतो. तुला आठवतं ना, जत्रेत आपण नाटक सोडून देवळाच्या मागे जायचो रंगपट बघायला? हातातला एवढासा आरसा गुडघ्यांत धरून जो तो आपापलं तोंड रंगवतोय, कोण बिडी ओढतोय, साडी नेसलेला बाप्या चहा मागतोय, आणि पायपेटी सुरू झाली की तोच बाप्या राणी होऊन बाकड्यावर जाऊन बसायचा. रात्री राजा नि सकाळी कपाळावर बोजा म्हणतात ते काय उगीच नाय. पहिल्या अर्ध्या भागात ते जगणं बरंचसं आलंय आणि तेवढ्यासाठी तरी बघच.

मध्यंतरानंतर मात्र माझं नि पिक्चरचं जरा फाटलं. खाणीचा विषय आहे (पुढचं सांगत नाही, नायतर शिव्या घालशील). विषय घेतला ह्याबद्दल सलाम, रेडी नि कळण्याकडच्या खाणींचं आपण डोळ्यांनी बघितलंय. पण पिक्चरमध्ये वाईट माणसं ठरलेली, त्यांना एकेक अवतार घेऊन धडा शिकवला की शिट्ट्या. आपल्याकडे खाण म्हणजे एवढं सोपं कुठे असतं रे, एका भावाचा डंपर खाणीवर लागलेला असतो आणि दुसऱ्याच्या बागेत लाल चिखल येऊन पडतो, दोघे चतुर्थीला एकाच गणपतीसमोर आरतीला उभे राहतात नि बोलत नाहीत. ते भांडण कोणीतरी दाखवा ना. व्हिलन मेला तरी डंपरचा हप्ता काय मरत नाही.

मग 'मुंज्या' लावला, हिंदी, 2024 चा. टाईमपास आहे, पोरं खूश. पण मुंजा म्हटला की आपल्याला पिंपळाखालून जाताना गार वाटायचं, इथे कॉम्प्युटरवरचा मुंजा बघून भीतीपेक्षा हसूच जास्त येतं. आणि मला एक सांग, मुंबईवाल्यांना कोकण म्हटलं की एक तर बीच नाहीतर भूत, मधलं काहीच कसं नाही? भूतच दाखवायचं तर मग 'तुंबाड'सारखं दाखवा. त्यातला पाऊस! कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, दिवसाढवळ्या काळोख, तो पाऊस आपला. कित्येक पावसाळे थांबून खऱ्या पावसात शूटिंग केलं म्हणतात, ते दिसतं. 2018 ला थेटरात फारसा चालला नव्हता आणि 2024 ला परत लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला केला.

ह्या सगळ्यात मला सर्वात आवडला तो 'किल्ला'. अविनाश अरुणचा, 2015 ला आपल्याकडे लागला, त्याआधी बर्लिनला बक्षीस घेऊन आलेला. वडील गेलेले, आई सरकारी नोकरीत, बदली होऊन पोराला घेऊन पुण्याहून कोकणात येते. बस, एवढंच. पण बदलीवाल्यांची पोरं आपल्या वर्गात पण यायची ना, वर्षभर बसायची नि जायची, त्यांना काय वाटत असेल हे आपल्या कधी डोक्यातच आलं नाही. तो एक सीन आहे, किल्ल्यात पोरं त्याला एकट्याला टाकून पळतात, वरून धो धो पाऊस, आणि तो भुयारात ओरडतोय, मी मोबाईल बाजूला ठेवला आणि चहा करून आणला. डायरेक्टर स्वतःच कॅमेरामन, त्याने समुद्र पण असा दाखवलाय की सुंदर आहे नि कंटाळवाणा पण आहे. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत कधी कंटाळा दिसतो का? आणि बंड्या झालेला तो पार्थ भालेराव, असा एक वर्गात असायचाच, आपल्या वर्गात कोण ते लिहीत नाही, तुझी बायको वाचेल.

'श्वास' परत बघणार नव्हतो. 2004 ला सगळ्यांनी बघितलेला, ऑस्करला गेलेला, रडून झालेलं. पण बाबांना गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं त्यानंतर तो पिक्चर वेगळाच दिसतो रे. अरुण नलावडेंचा आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात येतो, नि डॉक्टर म्हणतात ऑपरेशनने दृष्टी जाणार हे पोराला आधी सांगा. म्हाताऱ्याला ते सांगता येत नाही. रडारड नाही, आरडाओरडा नाही, नुसता ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत राहतो की तुम्ही तरी सांगा. कागद हातात धरून कुठल्या खिडकीवर जायचं हे न कळणारा आपल्याकडचा माणूस मी बांबोळीला रोज बघितलाय. तो तोच आहे.

'नारबाची वाडी' शेवटी बघितला, तो पण 'मुंज्या'वाल्या सरपोतदारचाच, 2013 चा, आणि त्यात पण प्रभावळकर. खोत म्हणतो महिन्याला पैसे घे, तू मेलास की वाडी माझी, आणि म्हातारा काही केल्या मरत नाही. माझ्या मते बाबुलीपेक्षा नारबा भारी. जमीन कशी सोडत नाहीत हे नारबा हसवून सांगतो, त्याला अवतार घ्यावा लागत नाही. तू नाही म्हणणार हे मला माहितीय, तुला मारामारी लागते.

गणपतीला येतोयस ना? रेल्वेचं बुकिंग झालं की नाही ते आधी कळव, नाहीतर दरवर्षीसारखा एसटीत उभा राहून येशील. आणि तुझ्याकडच्या हार्ड डिस्कमध्ये जुने मराठी पिक्चर असतील ते घेऊन ये, पण कॉमेडी नको, मालवणी बोलणारा म्हणजे नोकर नाहीतर येडा असले पिक्चर मला आता बघवत नाहीत. वहिनींना नमस्कार, आईने कोकमं ठेवलीत तुमच्यासाठी.

तुझा,
विनू