कृषिमंत्र्यांना खुले पत्र : गव्हाची सरासरी पुरे, ठिकाणवार आकडे द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

परळला माझी पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाईक 'सिहोर' मागतं, नाहीतर 'लोकवन'. पहिला मध्य प्रदेशचा, दुसरा गुजरातेतल्या सणोसऱ्याचा. त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे वाण, पण त्यांचं नाव घेऊन डबा पुढे करणारं कुणी भेटत नाही. असो, तो बाजाराचा मामला. गाऱ्हाणं वेगळं आहे.

धाकटा भाऊ परभणीकडे शेती करतो. गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, हे त्याला पाठ आहे. पण कपाशी उपटून रान मोकळं व्हायला डिसेंबर उजाडतो. मग ऐन दाणा भरायच्या वेळी ऊन तापतं आणि दाणा चिरमटतो. असा गहू दळला की कोंडाच जास्त निघतो.

निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते. परभणीला तशी थंडी कुठली? नवे वाण देशभर एकाच पद्धतीने पेरून पाहतात त्या समन्वित चाचण्यांत मात्र ही दोन्ही गावं कर्नाटकासकट एकाच द्वीपकल्पीय विभागात मोडतात. चाचण्या कच्च्या आहेत असं मी म्हणत नाही. अनेक केंद्रं, वेळेवरची आणि उशिरा पेरणी वेगळी, शेजारी तुलनेला जुना वाण, सगळं रीतसर होतं. घोळ होतो तो शेतकऱ्याच्या हाती वाणाची माहिती देणारी घडीपत्रिका येते तेव्हा, कारण तिच्यात उरते सरासरी.

समजा, एक वाण थंड ठिकाणी हेक्टरी 50 क्विंटल देतो आणि उष्ण ठिकाणी 30. दुसरा 42 आणि 38. दोघांची सरासरी 40. कागदावर दोघे सारखे, पण भावाच्या रानात आठ क्विंटलांचा फरक! ठिकाण बदललं की वाणांचा क्रमच उलटतो, आणि पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ, ज्यासाठी इतक्या ठिकाणी पेरतात ती माहिती सरासरीत बुडते.

2022 च्या मार्चमध्ये उत्तरेत उष्णतेची लाट आली, गहू घटला आणि मे महिन्यात केंद्राने निर्यात थांबवली. ऊन आता फक्त मराठवाड्याचं दुखणं राहिलेलं नाही.

म्हणून मागणी एवढीच. राज्यात शिफारस होणाऱ्या प्रत्येक वाणाचे ठिकाणवार आकडे मराठीत छापा : पेरणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, दाणा भरतानाचं तापमान, हजार दाण्यांचं वजन, शेजारच्या जुन्या वाणाचं उत्पादन. वाईट वर्षाचे आकडे गाळू नका, उलट तेच आधी छापा. आणि कपाशीनंतरच्या डिसेंबर पेरणीची चाचणी मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या रानातही घ्या. चपाती कशी होते तेही त्यात लिहिलंत, तर ते पान मी गिरणीत लावीन.

आपला,
एक गिरणीवाला, परळ