माळ्यावरचा घरी बांधलेला संगणक भंगारात देण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईला आता सुरुवात होईल आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतल्या घरांचे माळे रिकामे होऊ लागतील. जुन्या रेडिओ-टेपरेकॉर्डरांबरोबर काही घरांतले सर्किट बोर्डही भंगारवाल्याच्या गाडीवर चढतील. त्यांतला एखादा बोर्ड म्हणजे ३५-४० वर्षांपूर्वी कुणीतरी सुटे भाग जमवून घरी बांधलेला संगणक असू शकतो. तो ओळखता यावा आणि वाचावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी बरीच वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आहे आणि असे बोर्ड वजनावर विकले गेलेले डोळ्यांनी पाहिले आहेत. एका संस्थेने तर प्रयोगशाळेतले जुने साहित्य नोंद न करताच लिलावात काढले आणि त्यात काय गेले, हे आज कुणालाही सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या आमच्या एका वहिनींनी आपल्या दिवंगत यजमानांचा लाकडी खोका माझ्याकडे आणला. आत एक मोठा बोर्ड होता, त्यावर सहा आकडी लाल डिस्प्ले आणि कळांच्या चार ओळी होत्या. नातवाने इंटरनेटवर चित्रे पाहून ‘हा अल्टेअर असणार’ असे घरात सांगितले होते आणि त्यामुळे लाखांच्या गोष्टीही सुरू झाल्या होत्या. अल्टेअर ८८०० हे यंत्र अमेरिकेतल्या आल्बुकर्की गावच्या मिट्स कंपनीचे. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले आणि सुटे भाग मागवून घरी जोडायच्या संगणकांची लाट तिथून पसरली. पण त्याला पत्र्याची पेटी असते, दर्शनी बाजूला खटक्यांच्या आणि दिव्यांच्या रांगा असतात आणि आतले बोर्ड १०० टोकांच्या खाचांत बसवलेले असतात. आमच्या खोक्यात यांपैकी काहीच नव्हते.

मग हे यंत्र कोणते? मधल्या ४० पायांच्या मुख्य चिपवरची, म्हणजे प्रोसेसरवरची, अक्षरे पुसट झाली होती. अशा वेळी थिनर किंवा पेट्रोलने घासण्याचा मोह आवरावा, कारण उरलेली छपाईही त्यासोबत निघून जाते. मी चिपचा वीजपुरवठा कोणत्या पायांतून येतो ते शोधले, आणि हीच पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. ८०८०, झेड-८० आणि ६५०२ हे त्या काळचे प्रोसेसर. त्यांपैकी ८०८० ला अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. झेड-८० ला फक्त ५ व्होल्ट पुरतात आणि ते ११ व्या पायावर येतात, तर जमीन (ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची जोडणी) २९ व्या पायाला असते. ६५०२ मध्ये ५ व्होल्ट ८ व्या पायावर असतात. आमच्या बोर्डावर ७८०५ हा ५ व्होल्ट स्थिर ठेवणारा एकच रेग्युलेटर होता, त्याची तार ४० व्या पायाकडे जात होती, जमीन २० व्या पायाला होती आणि चिपला ठेका देणारा ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल थेट पहिल्या-दुसऱ्या पायांना जोडलेला होता. ही सगळी ठेवण इंटेलच्या ८०८५ या प्रोसेसरची आहे. शेजारी कळा आणि डिस्प्ले सांभाळणारी ८२७९ आणि बाहेरच्या उपकरणांशी बोलणारी ८२५५ या चिपा होत्याच, त्यामुळे शंका उरली नाही.

अर्थात हेच भाग अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ८०८५ च्या प्रशिक्षण संचांतही असतात. कारखान्यात तयार झालेल्या बोर्डावर बहुधा हिरवा लेप आणि भागांची नावे छापलेली असतात. आमच्या बोर्डावर लेप नव्हता, तांब्याच्या वाटा ब्रशने रंगवल्यासारख्या कमी-जास्त जाडीच्या होत्या, म्हणजे वाटा रंगाने झाकून उरलेले तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवलेले होते. वरच्या आणि खालच्या बाजूंना जोडायला प्रत्येक भोकात तारेचा तुकडा घालून दोन्हीकडून झाळले (सोल्डर केले) होते. कपॅसिटर केल्ट्रॉनचे होते. एवढे काम एका माणसाने घरी बसून केले होते.

काळ ठरवताना चिपवरचा चार आकडी अंक पाहावा. पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात, उदाहरणार्थ ८३२१ म्हणजे १९८३ चा एकविसावा आठवडा. मात्र ७४७४ किंवा ७४३२ हे अंक दिसले म्हणून बोर्ड १९७४ चा ठरत नाही, कारण ती चिपांची नावे आहेत. झाळून बसवलेल्या चिपांतला सर्वांत अलीकडचा अंक धरावा, कारण सॉकेटमधली चिप पुढे कधीही बदललेली असू शकते. आमच्या बोर्डावर झाळलेल्या चिपा १९८३ पर्यंतच्या होत्या आणि सॉकेटमधली एक तेवढी १९८७ ची होती.

बोर्डाभोवती एक शाळकरी वही गुंडाळलेली होती, आणि मला ती बोर्डाइतकीच मोलाची वाटते. तिच्यात संगणकाच्या स्मृतीतल्या जागांचे पत्ते, सोळा-आधारी (हेक्साडेसिमल) आकडे आणि पुढे मराठीत ‘वीज आली का पाहा’, ‘मोटार सुरू’ असे शेरे होते. विहिरीवरच्या मोटारीसाठी लिहिलेला तो प्रोग्रॅम होता. वहीवरूनही चिप ओळखता येते. ३ई, सी३, सीडी, डी३ असे आकडे वारंवार आले तर यंत्र ८०८० च्या कुळातले असते, आणि ए९, ८डी, ६० असे आले तर ते ६५०२ चे असते. साफसफाईत बोर्ड भंगारात आणि वही रद्दीत जाते. एकदा ताटातूट झाली की बोर्ड कशासाठी होता, ते सांगणारे कुणी राहत नाही.

दुर्मीळपणाबद्दलही माझे मत मांडतो. १९७६ साली ६६६.६६ डॉलरला विकला गेलेला ॲपल-१ हा संगणक फक्त दोनशेच्या आसपास तयार झाला, म्हणून तो दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या प्रतिकृतीही निघतात. १९८१ चा सिंक्लेअर झेडएक्स-८१ हा घरगुती संगणक सुट्या भागांत ४९.९५ पौंडांना मिळत असे, पण तो इतका खपला की आजही सहज सापडतो. खानापूरच्या बोर्डाची जोड मात्र जगात कुठेही नाही. बाजारात त्याला किंमत नसेल, तरी तो या दोघांपेक्षा दुर्मीळ आहे, असे मी मानतो आणि नातवालाही तेच समजावले.

वाचकांना विनंती आहे की असा बोर्ड सापडल्यास तो लगेच विजेला जोडून पाहू नये, कारण वाळलेले कपॅसिटर आणि बिघडलेला रेग्युलेटर क्षणात चिपा जाळू शकतात. काचेची खिडकी असलेल्या चिपवरचा कागद काढू नये. २७१६ सारख्या चिपमध्ये २,०४८ बाइट्सचा प्रोग्रॅम असतो. उघड्या खिडकीवर थेट ऊन पडले तर तो आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत पुसला जाऊ शकतो. बॅटरी पाझरून हिरवट थर दिसत असेल तर बॅटरी तेवढी जाणकाराकडून काढून घ्यावी. सोनेरी झाकणाच्या पांढऱ्या चिपा भंगारवाले सोन्यासाठी उपटतात, त्या तशा देऊ नयेत. दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढावीत आणि वही बोर्डासोबतच ठेवावी.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच मच्छे येथे आहे. तिथे अशा यंत्रांसाठी एक कपाट आणि एक नोंदवही ठेवली जावी आणि चिपांतले प्रोग्रॅम उतरवून घेतले जावेत, असे मी सुचवतो. तोपर्यंत आपल्या दैनिकाने वाचकांकडून छायाचित्रे मागवली, तर ओळख पटवण्याचे काम मी आनंदाने आणि विनामूल्य करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव