सायलीस पत्र: आधी पत्रा, मग पिकअप

प्रिय सायली,

फोटो सगळे बघितले, बाबांनी टीव्हीवर मोठे करून लावले होते. १९७४ ची अल्फा रोमिओ स्पायडर, आणि ती माझ्या पोरीच्या नावावर, तिकडे स्टुटगार्टात! भरून आलं गो मला. आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या पोरांना इतकी वर्षं इंजिन शिकवलं, पण असं ॲल्युमिनियमचं, वर झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट फिरणारं इंजिन आपल्या घरात येईल असं कधी वाटलं नव्हतं. बाबा सगळ्यांना सांगतायत, पिनिनफरिनाने डिझाइन केलेली गाडी आहे म्हणून. खरंच आहे ते, हे मॉडेल १९६६ ला जिनिव्हाच्या शोमध्ये पहिल्यांदा आलं आणि म्हाताऱ्या बत्तिस्ता पिनिनफरिनाने स्वतः लक्ष घातलेली ती शेवटची गाडी, त्याच वर्षी गेला तो.

आता तुझी लिस्ट. सोळा इंची अलॉय, गाडी खाली बसवायची, तेज कॅमशाफ्ट, सीटला नवीन लेदर. सगळं करू, हौस आहे तर करायलाच पाहिजे, पण आधी पत्रा बाय माझे. पहिला पैसा दरवाज्याखालच्या लांब पट्टीत, म्हणजे सिलमध्ये घाल, पिकअपचं नंतर बघू.

कारण बघ, या गाडीला वर छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवण्याचं बरंचसं काम ती दोन्ही बाजूंची सिलंच करतात. ती आत पोकळ, पत्र्यावर पत्रा असे थर आहेत. कापडी हूडच्या मागे पाणी जायला बारीक नळ्या असतात, त्यात कचरा अडकला की पाणी सिलमध्ये उतरतं आणि आतून खात येतं, वरून पेंट चकचकीतच दिसतो. तुमच्याकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडे मिऱ्यावर समुद्रकाठी वाराच मीठ घेऊन येतो, पत्र्याला दोन्ही सारखंच. आपली पद्मिनी गाडी आठवते ना, समुद्राकडच्या बाजूचं दार नेहमी आधी जायचं. म्हणून तर मी दर पावसाळ्याआधी तिला खालून गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात सुकवून मगच जळकं ऑईल मारते. तुमच्याकडे ते चालायचं नाही, जमिनीत तेल गळतं, तू पोकळीत मारायचं मेण मिळतं ते मारून घे. पण ओल्या गंजावर काळा कोट मारू देऊ नको कोणाला, आत ओल कोंडते आणि दिसतही नाही.

चेक कसं करायचं सांगते. फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळ आणि सिलवरून, चाकाच्या कमानीवरून हळूहळू फिरव. जिथे धरत नाही किंवा सैल वाटतं तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली आहे. मग एका बाजूला जॅक लाव, चाक जरा उचललं की दार उघडून परत लावून बघ. दाराची फट बदलली, दार घासलं, तर सिल गेलंय समज. आणि वेल्डिंग करायची वेळ आली तर दाराच्या जागेत आडवा पाइप मारून बॉडी बांधून घेतल्याशिवाय जुनं सिल कापू देऊ नको, नाहीतर गाडी मधे वाकते आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

सिल झालं की ब्रेकचे रबरी होज. ते आतून फुगतात, पाय काढला तरी चाक धरून राहतं, ते सगळे बदल आणि ब्रेक ऑईलही टाक नवीन. मग पेट्रोलचे पाइप. जुन्या रबराला इथेनॉल चालत नाही, इकडे आता वीस टक्के इथेनॉलवालं ई-२० आलंय, पद्मिनीचे पाइप मला बदलावे लागले, तुमच्याकडेही ई-१० आहेच, कार्बोरेटरवरून पेट्रोल ठिबकलं आणि खाली तापलेलं इंजिन, नको ग बाई. ठिणगीसाठीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला माझी काही हरकत नाही, डेलकोच्या, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आत बसतं, बाहेरून दिसत नाही, उद्या परत पॉइंट लावता येतात. हेडलाइटला रिले पण लावून घे, म्हणजे स्विचवर लोड येत नाही.

सोळा इंचीला मात्र माझा विरोध आहे. कंपनीने चौदा इंचीवर १६५ चा टायर दिला तो विचार करूनच, रुंद टायरने स्टीअरिंग जड होतं आणि व्हील बेअरिंगवर लोड येतो. शिवाय तुमच्याकडे तीस वर्षांवरच्या गाडीला ती एच नंबरप्लेट मिळते ना, मूळ रूपात असेल तरच, मग काही बदलायच्या आधी त्या तपासणीवाल्या इंजिनिअरला विचार. आणि जे जे काढशील ते फेकू नको, पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेव.

दोन कार्बोरेटर आहेत ते स्वतःच सेट करायला शीक, मजा आहे त्यात. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, स्लोवर गाडी ठेवून चारही तोंडांचा फुसफुस आवाज ऐकायचा, सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. आमच्या पोरांना पद्मिनीच्या एका कार्बोरेटरवर असंच कान लावायला सांगायचे मी. आणि दुसरा गिअर थंड असताना जोरात मारू नको, या गाड्यांचा तो सिंक्रो, म्हणजे गिअर न घासता जुळवून देणारी रिंग, नाजूक असतो, तेल गरम होईपर्यंत सावकाश.

बाबा म्हणतात १९८६ ला अल्फा फियाटकडे गेली, म्हणजे आपली मूळची फियाट पद्मिनी आणि तुझी स्पायडर नात्यातल्याच झाल्या.

रविवारी चुंबक फिरवून बघ आणि दोन्ही सिलचे खालून फोटो पाठव, टॉर्च लावून, जवळून. वेल्डिंगवाल्याचं कोटेशन आलं की मला दाखवल्याशिवाय हो म्हणू नको.

तुझी,
आई